लोड आल्यावर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरच्या बिघाडावर लिहायला बसावे, यात थोडा आगाऊपणा आहे हे मला मान्य आहे. माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. विजेशी माझा संबंध दिवा लावणे आणि मालवणे एवढाच. परंतु अंकासाठी लेख मागताना सरांनी ‘जे स्वतः अनुभवले तेच लिहा, आकाशातल्या चांदण्या नकोत’ असे बजावले. गेल्या वर्षभरात अनुभव म्हणावा असा माझ्याजवळ एकच आहे. तो एका काळ्या पत्र्याच्या डब्यात भरलेला असून माझ्या कॉटच्या उशाशी ठेवलेला आहे.

हा डबा आमच्या घरी आला डिसेंबर २०२४ मध्ये. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. सांगलीचा एक मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघाला होता आणि आपला खेळाचा कॉम्प्युटर बावीस हजारांना विकत होता. आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, शिवाय मॉनिटर. जाणकार हसतील, कारण प्रोसेसर २०१४ चा आणि कार्ड २०१६ चे. पण तासगावात कॉटवर पडून मोबाइलच्या काच फुटलेल्या पडद्यावर दुसऱ्यांचे खेळ बघणाऱ्याला ते वर्णन एखाद्या स्थळासारखे वाटले. मुलगी सुस्वरूप, घरकामात दक्ष.

आबांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांच्या मोटरी ते पुन्हा भरून देतात. त्याच महिन्यात त्यांचा भिशीचा नंबर लागला होता आणि त्या पैशांतून दुकानाचे पत्रे बदलायचे ठरले होते. मी सांगितले, कॉलेजला कॉम्प्युटर लागतो. आमच्या घरात कॉलेज आतून पाहिलेला मीच पहिला. त्यामुळे कॉलेजला काय लागते आणि काय लागत नाही, हे ठरवणारा अंतिम अधिकारीही मीच. आबा सातवी शिकलेले. त्यांनी एकदाच विचारले, “लागतोच का?” मी म्हटले, “लागतोच.” पत्रे राहिले आणि डबा आला.

खोटे बोलून आणलेल्या वस्तूला दृष्ट लवकर लागते, असे आजी म्हणते. मी तसे मानत नाही, पण तारखा मात्र आजीच्या बाजूने आहेत. तिसऱ्याच आठवड्यात तो बंद पडू लागला.

खेळ होता ‘जीटीए फाइव्ह’. २०१३ मध्ये निघालेला आणि २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आलेला हा खेळ म्हणजे लॉस एंजेलिसच्या धर्तीवर रचलेले लॉस सँतोस नावाचे एक अख्खे खोटे शहर. त्यात समुद्र आहे, डोंगर आहेत, संध्याकाळ होते, पाऊस पडतो. आणि त्यात माणसाने करायचे काय, तर मुख्यतः दुसऱ्याच्या गाड्या पळवायच्या. मी कधी सायकलही न विचारता घेतलेली नाही. पण ते निराळे. तर अशी एक गाडी घेऊन मी समुद्रकाठच्या रस्त्याने निघालो असता एकदम पडदा निळा झाला. वर दोन टिंबे आणि एक कंस मिळून केलेला रडवेला चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी आणि एक शेकडा. शेकडा शंभर झाला आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. दुसऱ्या दिवशी निळेही काही दिसले नाही. खटकन अंधार, पंख्यांचा आवाज बंद, आणि दोन सेकंदांनी पुन्हा सुरू. फ्यूज गेल्यावर घर होते तसे.

मी घाबरलो. यंत्र बिघडले याचे भय होतेच, पण त्याहून मोठे भय आबांना काय सांगायचे याचे होते. म्हणून मी त्यांना काहीच न सांगता डबा पोत्यात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानी नेला. तिथल्या माणसाने तो उघडलासुद्धा नाही. “फॉरमॅट मारावा लागेल,” म्हणाला. मारला. पाचशे रुपये घेतले. फॉरमॅट म्हणजे घरातले सगळे सामान रस्त्यावर काढून घर धुणे. त्या सामानात इतिहासाचा अर्धा टाइप केलेला प्रकल्पही होता. म्हणजे ज्या एका फाइलीच्या बळावर मी तो कॉम्प्युटर अभ्यासाचा आहे असे म्हणू शकत होतो, नेमकी तीच गेली. खेळ पुन्हा घालता आला. घरी आणल्यावर चौथ्या मिनिटाला पुन्हा खटकन अंधार.

त्या रात्री मला पहिल्यांदा राग आला, आणि रागाच्या भरात मी वाचायला लागलो.

मला हे ठाऊकच नव्हते की यंत्र स्वतःची रोजनिशी ठेवते. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक वही असते. केव्हा सुरू झालो, केव्हा थांबलो, काय दुखले, सारे तिच्यात तारीखवार आणि वेळेसह नोंदलेले असते. माझ्या वहीत लाल खुणेची एकच नोंद पुन्हा पुन्हा होती: कर्नेल-पॉवर, क्रमांक ४१. मला वाटले, सापडला चोर! शब्दकोश घेऊन बसलो. अर्थ निघाला तो एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले आहे. अरे, ते तर मलाही माहीत होते!

नंतर लक्षात आले की ही नोंद बंद पडताना लिहिली जातच नाही. शुद्धीवर आल्यावर यंत्र मागे वळून पाहते, आदल्या पानावर ‘रीतसर बंद झालो’ ही ओळ नाही असे त्याला दिसते, आणि मग ते क्रमांक ४१ लिहिते. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकवताना बाईंनी विचारले होते, लिहिणारा घटनेच्या वेळी तिथे होता का? हा होता, पण बेशुद्ध होता. त्याच्या साक्षीवरून पडला एवढेच सिद्ध होते, कशाने पडला ते नाही. परीक्षेत त्या प्रश्नाला मला दहापैकी चार गुण होते. तो धडा मला खरा समजला तो या डब्यापुढे.

मग मी दोन गोष्टी केल्या. निळा पडदा आला की विंडोज आपण होऊन पुन्हा सुरू होते. तशी मुळातली सोयच असते. ती खूण मी काढून टाकली, म्हणजे निळे आले तर निळेच राहील आणि मला निवांत वाचता येईल. दुसरे, एक पानाची वही केली. बंद पडल्याची वेळ, त्या वेळी काय चालू होते, निळे की काळे. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या चार निळ्या आणि सात काळ्या. निळ्या कधी खेळात, कधी नुसते गाणे ऐकताना, एकदा तर काहीच न करताना. काळ्या मात्र फक्त खेळात. इतके दिवस मी एक रोग समजत होतो, ते दोन निघाले. दोन भामटे एकमेकांच्या टोप्या घालून फिरत होते.

निळा पडदा हा यंत्राने स्वतःच केलेला पंचनामा असतो. आत काहीतरी असे झाले की पुढे जाण्यात धोका आहे, तेव्हा ते सगळे थांबवते, कारणाचे नाव सांगते आणि एक लहानशी फाइल मागे ठेवते. (हा निळा रंग इतका प्रसिद्ध, पण २०२५ मध्ये विंडोज ११ वर तो काळा करण्यात आला आणि रडवेला चेहराही गेला. माझे यंत्र जुने, विंडोज १० वरचे, त्यामुळे मला जुन्या पद्धतीचे रडू मिळाले.) माझ्या चारही पडद्यांवर कारण एकच होते, मेमरी. म्हणजे रॅम.

रॅम तपासण्याचा ‘मेमटेस्ट८६’ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घालायचा आणि विंडोज सुरू न करता थेट त्यावरून यंत्र चालू करायचे. तो करतो काय, तर रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि लगेच वाचून पाहतो. जे लिहिले तेच वाचले गेले तर ठीक, नाहीतर चूक. आमच्या बालवाडीच्या बाईंची हीच रीत होती. फुकटच्या प्रतीत अशा चार फेऱ्या होतात. संध्याकाळी लावला आणि उशाशी बसलो. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत, साडेदहाच्या सुमारास, शून्याच्या जागी तीन आले. मग सतरा. मग आकडा धावतच सुटला. बिघाड सापडल्याचा असा आनंद मला आधी ठाऊक नव्हता.

रॅमच्या पट्ट्या दोन होत्या, चार-चार जीबीच्या. दुसऱ्या दिवशी एकेक काढून तपासली. पहिली निर्दोष. दुसरी कोणत्याही खाचेत घातली तरी चुका. ती हातात घेऊन उजेडात पाहिले, तर तिच्या काठावरची सोनेरी दाते काळपट झाली होती. नवी घ्यायला पैसे नव्हते. एका जाणत्या मित्राने सांगितले, खोडरबराने पुसून बघ. आमच्या धाकटीच्या कंपासपेटीतले पांढरे रबर घेतले, हलक्या हाताने दोन्ही बाजू पुसल्या, कण फुंकून काढले, पट्टी पुन्हा बसवली. ती रात्र आणि त्यानंतरच्या दोन रात्री, चार फेऱ्यांत एकही चूक नाही. निळा पडदा त्यानंतर आजतागायत आलेला नाही. बहिणीने रबराचे भाडे म्हणून दहा रुपये वसूल केले.

मी जिंकलोच असे मला वाटले. खेळ लावला, समुद्रकाठच्या त्याच रस्त्याने निघालो, आणि खटकन अंधार.

आता काळ्या बाजूला कोणताच पुरावा नव्हता. निळ्याची फाइल उरते, काळ्याची काहीच उरत नाही. वहीत फक्त तो बेशुद्ध साक्षीदार, क्रमांक ४१. त्या नोंदीच्या पोटात निळ्या पडद्याच्या कारणाचा आकडा लिहिण्याची जागा असते. तिथे शून्य. मी म्हटले, उष्णता असेल. पंख्यातली धूळ रंगाऱ्याच्या जुन्या ब्रशाने काढली. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान दाखवणारा प्रोग्राम पडद्याच्या कोपऱ्यात ठेवून खेळलो. प्रोसेसर पासष्ट, कार्ड एकाहत्तर. असे प्रोसेसर शंभरच्या आसपास गेल्यावर आपला वेग स्वतःच कमी करतात. पासष्टला कुणी मरत नाही. तरीही तो मेला.

परीक्षा आली, गेली. मे सरला. जूनमध्ये पाऊस लागला आणि आबांच्या दुकानात तीन ठिकाणी गळू लागले. नुकत्या वार्निश केलेल्या मोटरींवर थेंब पडू नयेत म्हणून त्यांनी माझा शाळेतला रेनकोट उसवून पसरला होता. मी दुकानात डबा द्यायला जाई, तेव्हा त्या रेनकोटाकडे बघत नसे.

एका रात्री आबा लवकर घरी आले. माझ्या कॉटजवळ डबा उघडा पडलेला होता, तो पाहून थांबले.

“काय झालंय त्याला?”

“बंद पडतोय.”

“कवापास्नं?”

“जानेवारीपासून.”

ते खाली बसले. त्यांच्या नखांत वार्निश होते. सवयीने त्यांनी डब्याच्या पत्र्यावर बोटांनी टिचकी मारली.

“अभ्यास करताना बंद पडतंय का?”

मला आजही तो प्रश्न कानात ऐकू येतो. साधा प्रश्न होता. गिऱ्हाइकाला ते रोज विचारतात, मोटर कवा बसते, चालू करताना का पाणी वर चढताना. मला ‘हो’ म्हणता आले असते. पण सहा महिने मी वहीत वेळा मांडत आलो होतो. ‘हो’ म्हटले तर सगळी वही खोटी पडणार होती, आणि मग ते शोधतील ते चुकीच्या जागी. मी म्हटले, “नाही. टायपिंगला काही होत नाही.”

“मग?”

“गेम लावला की पडतो.”

बाहेर पाऊस चालू होता. आई भाकरी थापायची थांबली, मग पुन्हा थापू लागली. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटत होते, आता ते पत्र्याचे नाव काढतील. त्यांनी काढले नाही. काढले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, “चालू कर. माझ्यापुढं पाडून दाखीव.”

आणि वाचकहो, तो पडेना! बिघाड कारागिराच्या समोर होत नाही, हा अनुभव सर्वांना असेल. एरवी दहाव्या मिनिटाला मरणारा डबा त्या रात्री पंचवीस मिनिटे चालला. तेवढा वेळ मला वडिलांच्या देखत खेळावे लागले.

“ह्यो कोण?”

“मीच.”

“आन् गाडी?”

“रस्त्यावरची.”

“म्हंजी चोरलीस.” थोड्या वेळाने, “मागं पोलीस लागल्यात न्हवं? उजवीकडं घे की.”

मी उजवीकडे घेतली, पुलावर चढलो, खाली संध्याकाळचे सगळे शहर दिव्यांनी भरले, आणि खटकन अंधार. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या अंधाराचा आनंद झाला.

आबांनी मान हलवली. “लोडवर बसतंय. बिनलोडची मोटर कुणाचीबी फिरती. गिऱ्हाइकाला दुकानात फिरवून दाखवायची आन् शेतात गेल्यावर बसायची.”

लोड हा शब्द मी किती वेळा वाचला होता! इंग्रजीत, त्याच अर्थाने, रात्ररात्र. पण तो आमच्या घरात रोज उच्चारला जाणारा शब्द आहे हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. घरी या विषयात विचारायला कोणी नाही, असे मी समजून चाललो होतो.

मात्र आबांचा पहिला तर्क चुकला, हेही सांगितले पाहिजे. त्यांचा संशय घरच्या लाइनवर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून मीटर आणला आणि जुना स्टॅबिलायझरही आणला. तो सुरू झाला की घरभर घुंई असा आवाज होई. बोर्डावर मीटर लावून ते बसले, मी खेळलो. व्होल्टेज २२८. खेळ सुरू झाल्यावर २२६. डबा मेला तेव्हाही २२६. आबांनी मीटरकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि स्टॅबिलायझरची पिन काढली. “लाइन न्हवं,” म्हणाले. एवढेच. मी फॉरमॅटपासून पेस्टपर्यंत सहा महिने माझ्या चुकीच्या तर्कांना सोडचिठ्ठी द्यायला कचरत होतो. त्यांना अर्धा मिनिट लागला.

मग त्यांनी विचारले, “ह्येच्यात वीज खाणारं मोठं काय काय हाय?”

“दोनच. प्रोसेसर आणि कार्ड.”

“एकेक चालवता येतंय?”

येते. प्रोसेसरला नुसते गणित घालून पूर्ण ताण देणारा ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम आहे आणि कार्डाला घाम फोडणारा ‘फरमार्क’. मी दोन्ही उतरवून घेतले. आधी एकटा प्रोसेसर, अर्धा तास. चालला. मग एकटे कार्ड, अर्धा तास. त्याचा पंखा विमानासारखा ओरडू लागला, पण चालले. मग दोन्ही एकदम लावले. मी बटणावरचे बोट उचलून घड्याळाकडे पाहतो न पाहतो तोच अंधार. पुन्हा केले. पुन्हा तेच. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या आज्ञेने पडत होता.

“भाऊ-भाऊ वेगळे ऱ्हातेत, एका ताटात जेवंनात,” आबा म्हणाले. “वाढणारा बघ.”

वाढणारा म्हणजे एसएमपीएस. घरची वीज घेऊन ती यंत्राच्या पोटाला सोसेल अशी करून देणारा, डब्याच्या मागच्या कोपऱ्यातला पेटीसारखा भाग. त्याच्याकडे मी कधी पाहिलेच नव्हते असे नाही. पाहिले होते. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘५००’ लिहिलेले होते, मी ते पाचशे वॅट समजलो आणि पुढे गेलो. पाचशे पुष्कळ झाले.

आबांनी चश्मा लावला, बॅटरी पेटवली आणि मान वाकडी करून त्या पेटीवरचा कागद वाचू लागले. आबांना इंग्रजी वाचता येत नाही असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. कॉलेजच्या फॉर्मवरही मी तसेच काहीसे लिहिले आहे. पण पंचवीस वर्षे ते मोटरींच्या नेमप्लेटा वाचत आहेत, आणि नेमप्लेट इंग्रजीतच असते. मोठ्या अक्षरांकडे त्यांनी बघितलेही नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक कोष्टक होते. त्यावर अंगठा ठेवून म्हणाले, “हे बारा व्होल्ट. ह्येच्याखाली सोळा. अँपिअर सोळा.”

प्रोसेसर आणि कार्ड या दोघांनाही वीज मिळते ती या बारा व्होल्टच्या वाटेने. बाराला सोळाने गुणले. १९२.

“मग ह्ये पाचशे कुठलं?”

पाचशे कुठलेच नव्हते. ते त्या पेटीचे नाव होते, जसे एखाद्याचे नाव लक्ष्मीकांत असावे. मी बनवणाऱ्यांच्या पानांवरून आकडे काढले. प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड १२० वॅट. लाइटबिलाच्या पाठीवर बेरीज मांडली. २०४. त्यात डिस्क आणि पंखे धरलेच नव्हते, शिवाय कार्ड एखाद्या क्षणी आपल्या हिश्शाहून जास्त ओढते ते वेगळेच. आणि १९२ हे पेटी नवी असतानाचे. मागणी झेपेनाशी झाली की पेटी स्वतःला वाचवायला एकदम हात वर करते. कुणाला सांगायला वेळ नाही, म्हणून पंचनामा नाही, फाइल नाही, शून्य. त्या बेशुद्ध साक्षीदाराने खरे तर सगळे सांगितले होते.

पैसे खर्च करण्याआधी मला खात्री हवी होती. एका फुकट प्रोग्रामने कार्डाची वीज साठ टक्क्यांवर आणून ठेवली. १२० चे ७२ झाले, बेरीज १५६. खेळ जरा अडखळू लागला, पण दीड तास चालला. मर्यादा काढली, नऊ मिनिटांत अंधार. पुन्हा घातली, चालला. हे मी एकट्याने केले आणि ते बरोबर आले, म्हणून इथे थोडी ऐट करून घेतो.

विकणाऱ्या मुलाला मी फोन केला नाही. त्याने बहुधा हलक्या कार्डासाठी बसवलेली पेटी तशीच ठेवून नंतर मोठे कार्ड घातले असेल. आणि त्यानेही मोठी अक्षरेच वाचली असतील.

चांगली साडेचारशे वॅटची, बाराच्या खाली छत्तीस अँपिअर लिहिलेली पेटी सव्वीसशे रुपयांना होती. नाव लहान, घास मोठा. आबांकडे मागायचे तोंड नव्हते. त्यांनीच सांगितले, “जळक्या मोटरीची तार काढायला पोरगं पायजे. मोटरीला शंभर.” जळालेली वायंडिंग काढणे म्हणजे छिन्नीने एका बाजूची टोके तोडायची, दुसऱ्या बाजूने पक्कडीने गुच्छ ओढायचा, आणि मग एकेक खाच कानशीने साफ करायची. पावसाळ्यात पंप कमी जळतात. सव्वीस मोटरी व्हायला जुलै आणि ऑगस्ट, २०२५ चे दोन महिने गेले. मी रविवारी आणि कॉलेज सुटल्यावर दुकानात बसे. डोक्यावर पत्रा वाजत असे आणि माझ्या डाव्या हाताला दर काही सेकंदांनी बादलीत एक थेंब पडे. तो थेंब कितव्या सेकंदाला पडतो, हेही मला आता पाठ आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेटी बसवली. दोन्ही प्रोग्राम एकदम लावून मी आबांना हाक मारली. ते आले, पाच मिनिटे उभे राहिले, पत्र्याला कान लावला आणि “मी जेवून घेतो, तवर चालू दे,” म्हणून गेले. जेवून, हात धुऊन, पान लावून परत आले तरी चालूच होते. त्यानंतर तो काळा अंधार आलेला नाही. विंडोज १० ची अधिकृत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ माझ्या प्रोसेसरला आपल्या यादीत घेत नाही. तेव्हा पुढे नवी दुखणी निघतीलच. इतिहासाचा प्रकल्प मी पुन्हा पहिल्यापासून टाइप केला. खेळतोही, पण दार लोटून घेत नाही.

जुनी पेटी आबांनी दोन दिवस नुसती ठेवून, मग टेस्ट लॅम्पने आतला कॅपॅसिटर रिकामा करून उघडली. आत दोन लहान कॅपॅसिटरांची पोटे फुगलेली होती. ती त्यांनी मला दाखवली, जसे मास्तर चुकलेले उत्तर दाखवतात तशी नव्हे, नवे काही सापडले की माणूस शेजाऱ्याला दाखवतो तशी. आतला बारा व्होल्टचा पंखा चांगला होता. वार्निश वाळायला त्यांनी तो दुकानात लावला आहे. आधी खिडकीशी लावला होता, पण तिथे वरून गळते. भिशीचा पुढचा नंबर लागेपर्यंत तो दाराच्या बाजूला, रेनकोटाच्या आड ठेवला आहे.